हरित प्रमाणपत्र आणि कोकणातला पाऊस: नव्या रुग्णालयासाठी आपण काय मागावे?

सुरंगी (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या तालुक्यात २०० खाटांच्या नव्या सरकारी रुग्णालयाची इमारत मंजूर झाली असून तिचे बांधकाम क्षेत्रफळ सुमारे १२,००० चौरस मीटर आहे. आराखडा नागरिकांना पाहण्यासाठी ठेवला आहे आणि सूचना लेखी द्यायच्या आहेत. आराखड्याच्या पहिल्या पानावर ‘हरित मानांकनप्राप्त इमारत’ असे शब्द आहेत, आणि पुढच्याच पानावर पश्चिमेकडे, म्हणजे थेट समुद्राच्या दिशेला, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत काचेची भिंत दाखवली आहे. मी चौदा वर्षे या किनाऱ्यावर वास्तुरचनेचे काम करते आहे. ही दोन पाने एकापाठोपाठ पाहिल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून हा धागा.

अस्वस्थतेमागे एक अनुभव आहे. मागच्या ऑक्टोबरात एका सरकारी कार्यालयात कामासाठी गेले होते. इमारतीला पाच वर्षेही झालेली नाहीत. प्रवेशद्वाराशी हिरव्या पानाचे चिन्ह कोरलेली पाटी आहे. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन असताना आत प्रत्येक खोलीत दिवे लागलेले होते, कारण काचेतून येणारी तिरीप सहन होत नाही म्हणून कर्मचाऱ्यांनी माणसाच्या उंचीपर्यंत जुनी वर्तमानपत्रे चिकटवली होती. कागद पिवळा पडला होता आणि कडांना हात लावला की तुटत होता. उघडता येतील अशा खिडक्या त्या दालनात दोनच होत्या आणि त्यांच्या बिजागऱ्या गंजल्यामुळे त्या तारेने बांधून ठेवल्या होत्या. वातानुकूलनाच्या जाळीभोवती, छताच्या पांढऱ्या फळ्यांवर, बुरशीची काळी वर्तुळे उमटलेली होती. ही इमारत बांधणाऱ्यांनी लबाडी केली असे मला म्हणायचे नाही. त्यांनी गुण मिळवले आणि ते नियमाप्रमाणेच मिळवले असणार. मग ते गुण कशासाठी होते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

ज्यांना ही पद्धत नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे मोठ्या इमारतींसाठी प्रामुख्याने तीन मानांकने चालतात. ‘लीड’ हे अमेरिकेतल्या १९९३ साली स्थापन झालेल्या हरित इमारत परिषदेचे आहे. ‘आयजीबीसी’ हे २००१ मध्ये भारतीय उद्योग महासंघाच्या छत्राखाली सुरू झालेल्या परिषदेचे आहे. ‘गृह’ हे टेरी ही ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्राचे नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून घडवलेले असून २००७ मध्ये ते राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारले गेले. ‘गृह’ २,५०० ते १,५०,००० चौरस मीटरच्या इमारतींना लागू होते आणि एक ते पाच तारे देते, त्यामुळे आपले रुग्णालय त्यात सहज बसते. जागा, ऊर्जा, पाणी, साहित्य, कचरा आणि आतली हवा अशा अनेक बाबींचे गुण मिळून श्रेणी ठरते. काही बाबी सक्तीच्या असतात, बाकीच्यांत निवडीला वाव असतो, आणि गडबड होते ती याच निवडीत.

पाटी जरूर मिळावी. पण तिच्यासाठी कोणते गुण मिळवायचे ते इथल्या हवेने ठरवावे आणि इमारतीने तीन पावसाळे काढल्यावर ती पाटी पुन्हा तपासली जावी, असे माझे मत आहे. आपापल्या अनुभवातून लिहावे, म्हणजे सूचनापत्र एकत्र तयार करता येईल.

वीजमोजणी

मी ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम करतो. तुमच्या मताला माझ्या कामातून पुष्टीच मिळते.

मुळात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. इमारत बांधण्याआधी संगणकावर तिची प्रतिकृती करून वर्षाला किती वीज लागेल याचा अंदाज बांधतात, आणि बहुतेक ऊर्जागुण या अंदाजावर मिळतात. इमारत वापरात आल्यावर मीटर काय दाखवतो, ही दुसरी गोष्ट. लीड मिळालेल्या १२१ इमारतींच्या प्रत्यक्ष ऊर्जावापराचा अभ्यास अमेरिकेत २००८ मध्ये झाला होता. त्यात सरासरीने या इमारती तिथल्या राष्ट्रीय सरासरीपेक्षा २५ ते ३० टक्के कमी ऊर्जा वापरतात असे दिसले, पण एकेक इमारत सुटी पाहिली तर अंदाज आणि प्रत्यक्ष यांत प्रचंड तफावत होती, आणि काही इमारतींचा वापर अंदाजापेक्षा पुष्कळच जास्त निघाला. या निष्कर्षांवरही पुढे बराच वाद झाला. माझ्या दृष्टीने त्यातून घ्यायचे ते एवढेच, की मीटर वाचल्याशिवाय बोलू नये.

मीटर वाचायची रीत अगदी सोपी आहे. वर्षभरात वापरलेल्या एकूण युनिटांना बांधकाम क्षेत्रफळाने भागायचे. १२,००० चौरस मीटरच्या इमारतीने वर्षात १२ लाख युनिटे वापरली, तर तिचा ऊर्जा निर्देशांक १०० झाला. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने कार्यालयीन इमारतींना तारे देण्याची योजना २००९ मध्ये आणली, तीही याच भागाकारावर उभी आहे. हा आकडा दरवर्षी रुग्णालयाच्या दर्शनी भागात लिहावा, अशी सूचना पत्रात अवश्य घालावी. त्यासाठी शस्त्रक्रिया विभाग, बाह्यरुग्ण विभाग, पंप आणि वातानुकूलन यांना सुरुवातीपासून वेगवेगळे उपमीटर बसवायला हवेत. इमारत पूर्ण झाल्यावर तारा वेगळ्या करायला कोणीही पैसे देत नाही.

‘गृह’ मानांकनाची मुदत पाच वर्षांची असते आणि नंतर ते नूतनीकरण करून घ्यावे लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. पाटीवर मुदतीची तारीख कोरलेली मी तरी अजून कुठे पाहिलेली नाही.

चाकरमानी_गुहागर

मी मुंबईत असतो, पण गावचे रुग्णालय म्हणजे आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे रुग्णालय आहे, म्हणून मनापासून लिहितो आहे. तुमच्या दोघांच्या म्हणण्यातून मानांकनाबद्दल अविश्वास निर्माण होईल, अशी मला भीती वाटते.

मी एका सल्लागार कंपनीत याच क्षेत्रात काम करतो आणि अंदाजपत्रकावर कात्री कशी चालते ते मी आतून पाहिले आहे. पैसे कमी पडले की आधी छज्जे लहान होतात, मग छतावरचा उष्णतारोधक थर जातो, मग पाण्याची टाकी निम्मी होते. मानांकनाची अट निविदेत असेल तरच या गोष्टी वाचतात, कारण त्या काढल्या तर तारे कमी होतात आणि त्याचे उत्तर कोणाला तरी लेखी द्यावे लागते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतींना श्रेणीनुसार ३, ५ आणि ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळते, त्यामुळे खासगी बांधकामात या मानांकनामागे आर्थिक फायदाही असतो. सरकारी रुग्णालयाला असले आमिष नाही. तिथे ही अट कोणी घातली असेल, तर ती चांगल्या हेतूने घातली आहे असे धरून चालावे.

आणि सरकारी इमारत उत्तम होऊच शकत नाही असेही नाही. दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे इंदिरा पर्यावरण भवन २०१४ मध्ये सुरू झाले. त्याला ‘गृह’चे पाच तारे आणि लीडची प्लॅटिनम ही सर्वोच्च श्रेणी अशी दोन्ही मानांकने आहेत आणि छतावर ९३० किलोवॅटचे सौर पॅनेल आहेत. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ मध्ये लीड प्लॅटिनम मिळाले, तेव्हा अमेरिकेबाहेर ती श्रेणी मिळवणारी ती पहिली इमारत होती.

निवृत्त_उपअभियंता

चाकरमानी यांचे कात्रीबद्दलचे निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. मी एकतीस वर्षे सरकारी बांधकामात काढली आणि त्यातली बावीस किनाऱ्यावर. पण दिल्ली आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी समुद्र नाही. आपल्याकडे इमारतीचा खरा शत्रू खारा वारा आणि पाऊस आहे, आणि मानांकनाच्या कागदात त्यांना मी कधी मानाचे स्थान मिळालेले पाहिले नाही.

कोणत्याही तालुक्याच्या गावात टेकडीवर उभे राहून सरकारी इमारतींकडे पाहा. सपाट स्लॅब घातलेला, आणि त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे चढवलेले. दहा-बारा पावसाळ्यांत स्लॅब गळू लागतो, कोबा दोनदा करून होतो, डांबरी कागद होतो, आणि शेवटी पत्रे येतात. म्हणजे आपण एकाच इमारतीला दोन छपरे घालतो आणि दोन्हींचे पैसे भरतो. जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे पहिल्याच दिवशी उतरते छप्पर घालावे, हे आपल्या आजोबांना कळत होते. गच्चीवर बाग केली की गुण मिळतात म्हणून आपल्याकडच्या स्लॅबवर माती टाकून ओल धरून ठेवणे मला मुळीच पटत नाही.

काँक्रीटबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सूचनापत्रात हा मुद्दा कोणी घालणार नाही. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात किनारी वातावरण ‘तीव्र’ गटात धरले आहे. तिथे किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही आणि सळीवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटरचे आवरण लागते. समुद्राच्या तुषारांचा मारा असेल तिथे एम-३५ आणि ५० मिलिमीटर. कागदावर हे सगळे असते. कामावर मात्र सळीखाली ठेवायचे ठोकळे घसरतात आणि स्लॅबच्या पोटाला सळी जवळजवळ उघडी राहते. खाडीची रेती न धुता वापरली जाते. पाणी मारायला शेजारच्या विहिरीचे मचूळ पाणी घेतात. प्रबलित काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, ही मर्यादा त्याच मानकात आहे, आणि ते तपासायला फारसा खर्च येत नाही. मीठ एकदा आत गेले की सळी गंजते, गंजताना फुगते आणि आवरण उडवून लावते. एका शाळेच्या व्हरांड्यातल्या खांबावर मी स्वतः बोट ठेवले तेव्हा तळहाताएवढा तुकडा हातात आला, आणि आतली सोळा मिलिमीटरची सळी करंगळीहून बारीक झालेली होती. ती इमारत तेव्हा अठरा वर्षांची होती.

सिमेंट उद्योगाचा जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा आहे. वीस वर्षांत जी इमारत पाडून पुन्हा बांधावी लागते, तिने सौर पॅनेलमधून वाचवलेले सगळे एका झटक्यात परत जाते. म्हणून माझ्या मते टिकाऊपणा हा कोकणातला पहिला हरित गुण आहे. लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेले स्लॅग सिमेंट वापरले तर क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ घटक, कमी लागतो आणि खाऱ्या वातावरणात ते क्लोराइडलाही जास्त दाद देत नाही, म्हणजे दोन्ही कामे होतात. त्याला पाणी मात्र जास्त दिवस मारावे लागते, आणि ठेकेदाराची घाई नेमकी तिथेच असते.

अबोली

मी परिचारिका आहे. बांधकामातले मला कळत नाही, पण इमारतीत बारा-बारा तास आम्ही असतो, म्हणून लिहिते.

जुन्या इमारतीत आमचा स्त्रियांचा वॉर्ड लांब पडवीला लागून होता. दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या आणि वीज गेली तरी वारा फिरायचा. बाळंतिणीची आई, सासू पडवीत बसायची. नव्या विभागात मधोमध बोळ आहे आणि दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. बोळात दिवसासुद्धा दिवा लागतो. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत आणि भिंतींना ओल येते. खिडकी उघडली तर झड आत येते आणि खाट भिजते, म्हणून जून ते सप्टेंबर खिडक्या बंदच असतात. क्षयरोगाचे आणि तापाचे रुग्ण त्याच बंद हवेत असतात. नवी इमारत होताना पावसात उघडी ठेवता येईल अशी खिडकी द्या, एवढीच माझी मागणी आहे. आणि तिला डासांची जाळी हवी.

सुरंगी

अबोलीताई, तुम्ही जे ‘एवढीच मागणी’ म्हणून लिहिले आहे, तो माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये रुग्णालयातल्या नैसर्गिक वायुवीजनावर मार्गदर्शिका काढली. तिच्यात सर्वसाधारण वॉर्डात आणि बाह्यरुग्ण विभागात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर, आणि हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या खोलीत १६० लिटर ताजी हवा असावी असे म्हटले आहे. मधल्या बोळाच्या इमारतीत खिडक्या बंद ठेवून हे साधणे यंत्राशिवाय अशक्य आहे, आणि यंत्राने साधायचे तर वीज आणि देखभाल दोन्ही बेसुमार लागतात.

शस्त्रक्रिया विभाग, अतिदक्षता विभाग आणि प्रयोगशाळा यांना वातानुकूलन हवेच. पण वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, नोंदणी आणि बोळ मिळून इमारतीचा मोठा हिस्सा होतो आणि तो वाऱ्यावर आणि पंख्यावर चालू शकतो. आपला विभाग राष्ट्रीय इमारत संहितेत ‘उष्ण-दमट’ गटात येतो. इथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसा फरक नसतो, त्यामुळे राजस्थानसारखी जाड भिंत रात्री थंड करून दिवसा वापरण्याची युक्ती फारशी चालत नाही. घाम वाळायला अंगावरून वारा जायला हवा, हाच इथला उपाय आहे. एक रांग खोल्या आणि एका बाजूला पडवी, अशी मांडणी केली की वारा आरपार जातो.

आता काच. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग काचेचा नसावा असे आहे, आणि उष्ण-दमट विभागात उत्तर सोडून बाकी दिशांच्या काचेतून सूर्याची जास्तीत जास्त २७ टक्के उष्णता आत यावी अशी मर्यादा आहे. काळ्या महाग काचेने ही मर्यादा गाठता येते, आणि तिथेच फसगत होते. काच काळी झाली की उजेडही कमी होतो आणि दिवे लागतात. आपल्या किनाऱ्यावर पश्चिमेची बाजू सगळ्यांना समुद्र दिसतो म्हणून हवी असते, पण मार्च ते मे तिरपे ऊन तिथेच येते, जूनपासून झड तिथेच आदळते आणि खारे तुषारही तिथेच बसतात. हवाहवासा वाराही तिकडूनच येतो. वारा घ्यायचा आणि बाकीचे तिन्ही अडवायचे, हे काम काचेला जमणारे नाही. ते तीन मीटर रुंदीची पडवी, तिच्या बाहेरच्या कडेला उभ्या फळ्या किंवा जाळीची भिंत, आणि आत मोठ्या उघडत्या खिडक्या यांनी जमते.

ही जुन्याची हौस म्हणून लिहीत नाही. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० च्या सुमारास खाडीकडे तोंड करून बांधला. जांभा दगड, उतरती छपरे आणि सावलीतले सज्जे घेऊन तो शंभरहून अधिक पावसाळे उभा आहे. नव्यातले उदाहरण हवे असेल तर तिरुवनंतपुरमच्या विकास अभ्यास केंद्राचे संकुल पाहावे. लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात विटांच्या जाळीदार भिंतींनी ते उभारले, आणि तीही मोठी सार्वजनिक इमारत आहे, हवाही आपल्यासारखीच. जाळीच्या भिंतीतून उजेड येतो, वारा येतो आणि झड तिथेच मोडते. मात्र डासांची जाळी लावली की वारा बराच कमी होतो, म्हणून उघडे क्षेत्र त्या हिशेबाने वाढवून धरावे लागते. आराखड्यात हे कोणी धरलेले नाही.

वाशिष्ठीकाठ

एकच मुद्दा जोडतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पाणी कुठवर आले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सांगायला नको. वीजपुरवठ्याचे पॅनेल, जनित्र, ऑक्सिजनची यंत्रणा आणि औषधांचे कोठार तळघरात किंवा तळमजल्यावर नकोत. आराखड्यात जनित्र कुठे आहे?

सुरंगी

तळघरात, वाहनतळाच्या शेजारी दाखवले आहे. हा मुद्दा पत्रात सर्वांत वर घालते.

निवृत्त_उपअभियंता

जांभ्याचा आणि छपराचा विषय निघाला आहे म्हणून दोन सावधगिरीच्या गोष्टी.

स्थानिक साहित्याला मानांकनात गुण असतात आणि जांभा हे आपले सर्वांत जवळचे साहित्य आहे. तो खाणीत मऊ असतो, तासून काढता येतो आणि हवेवर कठीण होत जातो. भट्टी लागत नाही. पण त्याची ताकद मर्यादित आहे. मानकात चिऱ्यासाठी, म्हणजे जांभ्याच्या तासलेल्या ठोकळ्यासाठी, दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन एवढी किमान दाबशक्ती धरली आहे, त्यामुळे चार मजल्यांचा भार त्याच्यावर टाकता येणार नाही. सांगाडा काँक्रीटचा आणि भरणी चिऱ्याची, हेच योग्य. तो पाणीही पितो, म्हणून वळचण खोल हवी. आणि चिरे कुठून येतात तेही विचारावे. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावरची, चिरेखाण म्हणजे ओसाड जमिनीवरचा खड्डा, असे आपण समजतो. त्याच सड्यांवर पावसाळ्यात फुलांचे गालिचे असतात, गुरांची चराई असते आणि कातळशिल्पेही तिथेच आहेत. परवाना असलेल्या आणि नंतर भरून दिल्या जाणाऱ्या खाणीचाच चिरा, अशी अट निविदेत असावी. अंतर कमी म्हणून गुण देणाऱ्या तक्त्याला सडा दिसत नाही.

दुसरी गोष्ट वादळाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडापर्यंत छपरे उडाली. खोल वळचणीला खालून वारा उचलतो. उतरते छप्पर घ्या असे मी वर म्हटले, त्याची ही दुसरी बाजू आहे. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचे मानक असलेल्या आयएस ८७५ च्या २०१५ सालच्या आवृत्तीत वादळानंतर चालू राहिल्याच पाहिजेत अशा इमारतींसाठी वाऱ्याचा वेग १.३० पटीने वाढवून धरायला सांगितले आहे, पण ते पूर्व किनारा आणि गुजरातच्या ६० किलोमीटर पट्ट्यासाठी. कोकण त्यात नाही. निसर्ग पाहिल्यानंतर रुग्णालयासाठी तो गुणक आपणहून धरावा, असे मी म्हणेन. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे ते गेले तरी मुख्य छप्पर सोलले जाणार नाही.

वीजमोजणी

काकांच्या म्हणण्याला जोडून सौर पॅनेलबद्दल एवढेच सांगतो, की सांगाडा गरम जस्तलेपनाचा आणि पॅनेल मिठाच्या फवाऱ्याची चाचणी झालेले असावे, आणि जुलै-ऑगस्टातली वीज हिशेबात फार धरू नये. सांगाड्याला वादळाचा तोच गुणक लावावा.

पऱ्ह्यापलीकडे

पाण्यावर कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी भूजलाचे काम करतो.

मानांकनाच्या अर्जात पाऊसपाणी संकलन म्हणून हमखास पुनर्भरणाचा खड्डा दाखवतात. दख्खनच्या पठारावर त्याचा चांगला उपयोग होतो. आपल्या जांभ्याच्या उतारावर खड्ड्यात सोडलेले पाणी भेगांतून झिरपते, कातळाखालच्या चिकणमातीच्या थरावर आडवे सरकते आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत खालच्या पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, जाऊन मिळते. म्हणूनच इतका पाऊस पडूनही एप्रिलात विहिरी तळ गाठतात आणि टँकर फिरू लागतात. खड्डा करायला हरकत नाही, पण मेमधले पाणी त्यातून मिळेल असे कोणी समजू नये.

हिशेब करून पाहा. या इमारतीचे छप्पर ३,००० चौरस मीटर धरले आणि पाऊस ३,००० मिलिमीटर धरला, तर ९० लाख लिटर पाणी पडते. वीस टक्के गळती आणि पहिल्या पावसाचे सोडून दिलेले पाणी वजा जाता ७२ लाख लिटर हाती येते. शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयाला दर खाटेमागे दिवसाला ४५० लिटर पाणी धरतात, म्हणजे २०० खाटांना ९०,००० लिटर. छपरावर पडणारे पाणी ८० दिवसांच्या गरजेएवढे आहे. ते सगळे साठवणे परवडणार नाही. पण पावसाळ्याचे चार महिने हे पाणी गाळून थेट वापरले, तर त्या काळात विहिरीचा किंवा नळयोजनेचा पंप फारच कमी चालेल. शिवाय १० लाख लिटरची झाकलेली टाकी बांधली, म्हणजे २० बाय २० मीटर आणि अडीच मीटर खोल, तर मे महिन्यात पिण्याला, स्वयंपाकाला आणि शस्त्रक्रिया विभागाला टँकरवर अवलंबून राहावे लागणार नाही. आराखड्यातले मानांकनाचे टिपण मी पाहिले, त्यात सहा खड्डे आहेत आणि पावसाच्या पाण्याची टाकी नाही.

गाळणी कोण साफ करणार, हेही लिहून घ्या. मी एका इमारतीत गेलो तेव्हा गाळणीच्या झाकणावर फरशी बसवलेली होती. ती फोडून पाहिली, तर आत पाच वर्षांचा पाचोळा दगडासारखा घट्ट झाला होता.

चाकरमानी_गुहागर

मी आधी जरा आवेशात लिहिले होते. वरचे सगळे वाचल्यावर माझे म्हणणे असे आहे की मानांकनाची अट काढू नका, उलट ती घट्ट करा. निविदेत ‘मानांकन मिळवणे’ एवढेच लिहिले असेल, तर पूर्व-प्रमाणपत्रावर काम भागते, आणि ते तर केवळ नकाशांवर मिळते. अंतिम मानांकन मिळाल्याशिवाय अखेरचे देयक देऊ नये, आणि दोषदायित्वाचा, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून देण्याचा, कालावधी तीन पावसाळ्यांचा ठेवून अनामत रकमेचा काही भाग तोवर रोखून ठेवावा. सल्लागाराच्या शुल्कालाही हेच लागू करावे. आम्हा सल्लागारांना हे आवडणार नाही, पण इमारत वापरात आल्यावर परत जाऊन पाहण्याची सवय आम्हाला दुसऱ्या कशाने लागणारही नाही.

सुरंगी

सर्वांचे मनापासून आभार. पत्राचा मसुदा आज रात्री पूर्ण करते. जनित्र आणि वीजपॅनेल वर नेणे, पश्चिमेची काच काढून तिथे पडवी आणि जाळी देणे, वॉर्डांची एकेरी रांग, स्लॅग सिमेंट आणि आवरणाची त्रयस्थ तपासणी, वादळाचा गुणक, १० लाख लिटरची टाकी, उपमीटर आणि दर्शनी भागातला वार्षिक आकडा, आणि चाकरमानी यांची रोखलेल्या रकमेची अट, हे सगळे त्यात येईल. चिरेखाणीची अट स्वतंत्र परिच्छेदात घालते, कारण ती गाळली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. उपअभियंता साहेब, आवरण मोजणाऱ्या उपकरणाने स्लॅब ओतल्यावर तपासणी करण्याबाबतचे कलम तुमच्या शब्दांत पाठवावे.

अबोलीताई, एक काम तुमच्याकडे. आराखड्यात वॉर्डच्या खिडकीची खालची कड जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर दाखवली आहे. खाटेवर झोपलेल्या रुग्णाचे डोके किती उंचीवर येते, तेवढे मोजून कळवाल का?

अबोली

रात्रपाळीत मोजले. गादीसह खाट ६० सेंटीमीटर उंच आहे, उशीवर डोके ७० वर येते. आमच्या आताच्या खिडकीची कडही १२० वरच आहे. खिडकीशी हात धरला तर वारा लागतो, खाटेवर बसून पाहिले तर थोडा लागतो, आणि पडून पाहिले तर मुळीच लागत नाही. कड ६० वर घ्या आणि बाहेरून मजबूत गज बसवा, म्हणजे लहान मुलांची भीती राहणार नाही. हे पत्रात माझ्या नावाने लिहिले तरी चालेल.